३१ डिसेंबरची रोकड : कॅरिलियन प्रकरणाचा अभ्यास

१५ जानेवारी २०१८, सोमवार. ब्रिटनमधली बांधकाम आणि सेवा क्षेत्रातली बडी कंपनी कॅरिलियन त्या दिवशी सक्तीच्या लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, गेली. हाताशी रोख होती २.९ कोटी पौंड आणि देणी ७०० कोटी पौंडांच्या घरात. जगभरात सुमारे ४३,००० माणसे तिच्या पगारावर होती. सरकारची सुमारे ४५० कंत्राटे तिच्याकडे होती: रुग्णालये, शाळा, तुरुंग, लष्करी वसाहती, रेल्वेची कामे. अडचणीतल्या कंपनीचा कारभार चालू ठेवून ती सावरण्याचा किंवा तुकड्यांत विकण्याचा ॲडमिनिस्ट्रेशनचा मार्ग ब्रिटनमध्ये असतो. कॅरिलियनला तोही परवडला नाही, कारण तेवढे दिवस काढायलाही पैसे उरले नव्हते.

आता दहा महिने मागे जाऊ. मार्च २०१७ मध्ये जाहीर झालेल्या २०१६ च्या हिशेबात याच कंपनीने करपूर्व सुमारे १४.७ कोटी पौंड नफा दाखवला होता आणि लाभांश वाढवला होता. ऑडिटरने हिशेबावर बिनशर्त सही केली होती.

हे प्रकरण बहुतेक वेळा हिशेबातल्या लबाडीचे आणि संचालकांच्या बेफिकिरीचे म्हणून सांगितले जाते. मे २०१८ मध्ये आलेल्या ब्रिटिश संसदेच्या दोन समित्यांच्या संयुक्त अहवालाचा सूरही तोच आहे आणि तो चुकीचा नाही. पण ट्रेझरी, म्हणजे कंपनीची रोकड आणि कर्जे यांचा विभाग, सांभाळणाऱ्या माणसासाठी यात आणखी एक धडा आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यांत उपयोगी आहे: कंपनीची रोकड कोणत्या दिवशी मोजली जाते. कॅरिलियनमध्ये ती मोजली जात होती ३० जूनला आणि ३१ डिसेंबरला. बिले मात्र वर्षाच्या प्रत्येक दिवशी भरायची होती.

दोन आकडे

२०१६ च्या अहवालात निव्वळ कर्जाचे, म्हणजे कर्जातून हातची रोकड वजा करून उरणाऱ्या रकमेचे, दोन आकडे होते. ३१ डिसेंबरचे निव्वळ कर्ज २१.९ कोटी पौंड. वर्षभराचे सरासरी निव्वळ कर्ज ५८.६५ कोटी पौंड. दोन्ही आकडे छापलेले होते, दोन्ही कोणालाही वाचता येत होते.

फरक सुमारे ३६.८ कोटींचा. संयुक्त उपक्रमांतला वाटा धरून त्या वर्षाची उलाढाल होती ५२० कोटी पौंडांच्या आसपास, म्हणजे दिवसाला साधारण १.४ कोटी. त्या मापाने हा फरक जवळजवळ २६ दिवसांच्या उलाढालीएवढा होतो. वर्षअखेरचा ताळेबंद वाचणाऱ्याला जी कंपनी दिसत होती आणि एरवी जी कंपनी रोज सकाळी दार उघडत होती, त्या दोघींमध्ये २६ दिवसांच्या धंद्याचे अंतर होते.

असे अंतर पडते कसे? कंत्राटी धंद्यात वर्षअखेरचे शेवटचे दोन आठवडे कसे जातात हे आतल्या माणसाला सांगावे लागत नाही. वसुली करणारे सगळे लोक मोठ्या ग्राहकांच्या मागे लागतात. जानेवारीत यायची रक्कम थोडी सूट देऊन का होईना, डिसेंबरातच पदरात पाडून घेतात. पुरवठादारांची पेमेंट रन, म्हणजे बिले एकत्र चुकती करण्याची फेरी, सुट्ट्यांचे निमित्त करून पुढच्या वर्षात ढकलतात. एखाद्या नव्या कामाची ॲडव्हान्स रक्कम त्याच आठवड्यात खात्यात जमा व्हावी म्हणून फोनाफोनी होते. यातली कोणतीही एक गोष्ट बेकायदा नाही. सगळ्या मिळून ताळेबंदाच्या दिवशी खाते भरलेले दिसते आणि पुढच्या तीन आठवड्यांत ते पुन्हा रिकामे होते.

इथे एक बाब नीट लक्षात घ्यायला हवी. सरासरी हा आकडासुद्धा पुरेसा नाही. वर्षाच्या शेवटी कर्ज २१.९ कोटींवर उतरत असेल आणि तरी सरासरी ५८.६५ येत असेल, तर वर्षातले बरेच दिवस कर्ज सरासरीच्या वर असणारच. बँकेची लिमिट, म्हणजे मंजूर कर्जाची मर्यादा, सरासरीला पुरून चालत नाही. ज्या दिवशी पगार, कर आणि मोठी पेमेंट रन एकत्र येतात, त्या सगळ्यांत वाईट दिवसाला ती पुरावी लागते. ट्रेझरीचा खरा आकडा तो, आणि त्याला लागून येणारा प्रश्न: त्या दिवशी वापरता येईल अशी किती लिमिट शिल्लक होती?

एक बिल, १२० दिवस

कॅरिलियनच्या रोकडीतला सगळ्यांत मोठा आधार तिने पुरवठादारांकडून उभा केला होता. २०१२ मध्ये ब्रिटिश सरकारने पुरवठा साखळीतल्या लहान कंपन्यांना लवकर पैसे मिळावेत म्हणून बँकांमार्फत वित्तपुरवठ्याची योजना पुढे आणली. कॅरिलियनने २०१३ मध्ये तिच्या धर्तीवर आपली ‘अर्ली पेमेंट फॅसिलिटी’ सुरू केली. पैसे लवकर मिळावेत हा योजनेचा हेतू. प्रत्यक्षात कंपनीची नेहमीची पेमेंट टर्म १२० दिवसांची होती, आणि लवकर पैसे हवे असतील तर पुरवठादाराने ४५ दिवसांनी बँकेकडून, थोडी कपात सोसून, ते घ्यायचे. ६० दिवसांची मर्यादा पाळण्याचा शब्द देणाऱ्या ‘प्रॉम्प्ट पेमेंट कोड’वर याच कंपनीची सही होती.

एका बिलाचा प्रवास पाहू. समजा, छताचे काम करणाऱ्या एका उपकंत्राटदाराने १ लाख पौंडांचे बिल दिले. कंपनीने ते मंजूर करून बँकेच्या यादीत टाकले. १२० दिवस थांबणे उपकंत्राटदाराला शक्य नाही. त्यालाही मजुरी द्यायची आहे, पत्र्यांचे पैसे द्यायचे आहेत. तो ४५व्या दिवशी बँकेकडून पैसे उचलतो. वर्षाला ४ टक्के दर धरला, तर उरलेल्या ७५ दिवसांचे व्याज होते सुमारे ८२० पौंड; ते कापून त्याला ९९,१८० मिळतात. १२०व्या दिवशी कंपनी बँकेला पूर्ण १ लाख देते.

आता ४६व्या दिवशी कंपनी कोणाचे देणे लागते? उपकंत्राटदाराचे नाही, त्याचे पैसे पोचले. ती बँकेचे देणे लागते, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रकमेचे. व्यवहारात याला कर्ज म्हणतात. वहीत मात्र ते धनकोंच्याच, म्हणजे पुरवठादारांच्या देण्यांच्या, रकान्यात राहिले, बँक कर्जात आले नाही. म्हणून निव्वळ कर्जाच्या आकड्यात ते धरले गेले नाही आणि बँकांनी घातलेल्या कर्ज-नफा गुणोत्तराच्या अटीतही नाही. कंपनी बुडाल्यावर मार्च २०१८ मध्ये मूडीज या पतमानांकन संस्थेने मांडलेल्या हिशेबानुसार या सोयीखाली बँकांना देणे असलेली रक्कम ४९.८ कोटी पौंडांपर्यंत असू शकत होती. ताळेबंदात बँकांचे कर्ज म्हणून दिसत होते १४.८ कोटी.

या जागी थोडे थांबून सांगतो, कारण कितीतरी चांगल्या कंपन्या इथेच घसरतात. क्रेडिट पिरियड वाढवला की रोकड मोकळी होते, हे खरे. पण ती एकदाच होते. दरमहा १० कोटींची खरेदी करणाऱ्या कंपनीने पुरवठादारांची मुदत ६० दिवसांवरून १२० वर नेली, तर तिच्या खात्यात २० कोटी जास्तीचे राहतात. त्या वर्षीचा कॅश फ्लो झकास दिसतो, आणि ‘कामकाजातून आलेली रोकड’ या सदरात येत असल्याने धंदाच सुधारला असे वाटते. दुसऱ्या वर्षी मुदत १२० च आहे, म्हणून नवे काही मोकळे होत नाही. पुन्हा तेवढेच हवे असेल तर १८० दिवस करावे लागतील. पुरवठादार एका मर्यादेपलीकडे ताणला जात नाही, आणि ज्या दिवशी त्याचा किंवा बँकेचा विश्वास उडतो, त्या दिवसापासून हेच २० कोटी उलट्या दिशेने बाहेर पडू लागतात. शिवाय अशा सोयीत पुढचे बिल घ्यायलाच हवे असे बँकेवर सहसा बंधन नसते. बँकेने कराराने बांधून दिलेली कमिटेड लिमिट मुदतीपर्यंत तुमच्या हक्काची असते. ही सोय बँकेच्या मर्जीवर चालते.

लाभांश कशातून दिला

२०१२ ते २०१६ या पाच वर्षांत कॅरिलियनने ३७.६ कोटी पौंड लाभांश वाटला. त्याच काळात कामकाजातून आलेली निव्वळ रोकड होती १५.९ कोटी. वरचे २१.७ कोटी कर्जातून आणि मालमत्ता विकून आले असणार, दुसरा मार्ग नाही. आणि त्या १५.९ कोटींतही पुरवठादारांचे पैसे लांबवून साठवलेली रोकड मिसळलेली होती. ती बाजूला काढली तर चित्र आणखी बिघडते.

२०१६ चा अंतिम लाभांश, सुमारे साडेपाच कोटी पौंड, ९ जून २०१७ ला भागधारकांच्या खात्यात गेला. त्यानंतर एका महिन्याने, १० जुलैला, कंपनीने पुढचे लाभांश थांबवले.

लाभांशाचा ठराव नफ्याच्या आकड्यावर होतो आणि रोकडीचा प्रश्न ‘बँकेकडून होईल’ असे म्हणून सोडवला जातो, ही सवय या एका कंपनीपुरती नाही. ट्रेझरी प्रमुखाला लाभांशाच्या बैठकीत बोलावले जात नाही, त्याला नंतर तारीख आणि रक्कम कळवली जाते. माझे मत असे की लाभांशाच्या ठरावासोबत पुढच्या बारा महिन्यांतला रोकडीचा सगळ्यांत खालचा बिंदू लेखी जोडलेला असलाच पाहिजे.

तरतुदीने रोकड जात नाही, तरी कंपनी गेली

१० जुलै २०१७ च्या निवेदनात कंपनीने कंत्राटांपोटी ८४.५ कोटी पौंडांची तरतूद, म्हणजे अपेक्षित तोट्याची नोंद, जाहीर केली, ३७.५ कोटी ब्रिटनमधल्या कामांसाठी आणि ४७ कोटी परदेशातल्या. वर्षाच्या पहिल्या सहामाहीचे सरासरी निव्वळ कर्ज ६९.५ कोटी असल्याचेही सांगितले. मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले. शेअर त्या एका दिवसात ३९ टक्के पडला.

तरतूद म्हणजे वहीतली नोंद. ती केली म्हणून खात्यातून एक पौंडही जात नाही. मग जुलैत नोंद आणि जानेवारीत शेवट, असे का झाले?

कारण तरतुदीने एक गोष्ट जगजाहीर केली: उत्पन्न म्हणून धरलेले पैसे येणार नव्हते. कंत्राटी हिशेबात काम जसजसे पुढे सरकते तसतसे उत्पन्न धरतात. ग्राहकाने अजून प्रमाणित न केलेले काम, वाढीव कामाचे दावे, वादातल्या रकमा असे सगळे ‘येणे’ म्हणून वहीत बसू शकते. कॅरिलियनने अशा अप्रमाणित रकमा मोठ्या प्रमाणावर धरल्या होत्या. लिव्हरपूलच्या नव्या रुग्णालयात तुळयांना तडे गेले होते, बर्मिंगहॅमजवळचे मिडलँड मेट्रोपॉलिटन रुग्णालय रखडले होते, ॲबर्डीनच्या बाह्यवळण रस्त्याचा खर्च वाढत होता, कतारमधल्या मोठ्या कामाच्या पैशांवरून वाद चालू होता. नफा वहीत जमा झाला होता. त्याच्या मागची रोकड आलीच नव्हती आणि ती जागा कर्जाने भरली होती.

हे कळल्यावर पुरवठादार मुदत कमी मागतो किंवा माल देण्याआधी पैसे मागतो. ग्राहक काम पुरे होईल की नाही या शंकेने शेवटचा हप्ता रोखतो. बँक गॅरंटी देणारा जास्तीची मार्जिन मागतो. कर्ज देणारी बँक उरलेली लिमिट वापरू द्यायची का याचा विचार करते. प्रत्येकाचे वागणे आपापल्या जागी रास्तच असते. पण हे सगळे एकाच पंधरवड्यात येतात, आणि एकेकट्या धक्क्यासाठी ठेवलेली राखीव रक्कम चौघांना एकदम पुरत नाही.

पुढचे आकडे पाहा. २९ सप्टेंबरला सहामाहीचा तोटा जाहीर झाला, सुमारे ११५ कोटी, आणि आणखी २० कोटींची तरतूद. पूर्ण वर्षाच्या सरासरी निव्वळ कर्जाचा अंदाज आता ८२.५ ते ८५ कोटी. ऑक्टोबरात बँकांनी १४ कोटींची नवी सोय दिली. १७ नोव्हेंबरला कंपनीने सांगितले की बँकांच्या अटी मोडणार आहेत. त्या अटींची ३१ डिसेंबरची चाचणी ३० एप्रिल २०१८ पर्यंत पुढे ढकलून घेतली जात होती. सरासरी कर्जाचा अंदाज तोवर ८७.५ ते ९२.५ कोटी झाला होता. वर्षभरापूर्वीचा आकडा ५८.६५ होता. कंपनीच्या मुख्य रिव्हॉल्व्हिंग लिमिटची, म्हणजे हवे तेव्हा उचलून परत भरता येणाऱ्या कर्जाची, रक्कम होती ७९ कोटी.

शेवटचा आठवडा तर अंगावर येतो. शुक्रवारी, १२ जानेवारीला, वकील आणि सल्लागार संस्थांना मिळून ६४ लाख पौंड दिले गेले. १३ जानेवारीला अध्यक्षांनी सरकारला पत्र लिहिले: एप्रिलपर्यंत १६ कोटींचा आधार हवा, त्यातले १ कोटी ताबडतोब. सरकारने नकार दिला. पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपनीला १ कोटी पौंड कोणी द्यायला तयार नव्हते. सुमारे ३०,००० पुरवठादारांचे मिळून २०० कोटी पौंडांच्या आसपास अडकले. त्यांतल्या कितीतरी लहान कंपन्यांनी १२० दिवसांची मुदत केवळ नाव मोठे म्हणून मान्य केली होती.

तोच हिशेब ट्रेझरीच्या बाजूने

मार्च २०१७ मध्ये, कंपनीकडे तेव्हाच असलेल्या माहितीवर, ट्रेझरीने कोणता कागद संचालकांपुढे ठेवायला हवा होता?

सुरुवात १३ आठवड्यांच्या अंदाजपत्रकाने. ते नफ्यातून मागे काढत आणलेले नको. प्रत्यक्ष जमा आणि प्रत्यक्ष खर्च, आठवड्यागणिक, कंत्राटागणिक. जमेच्या बाजूला तीन थर वेगळे ठेवायचे: ग्राहकाने प्रमाणित केलेली बिले, सादर केलेली पण अप्रमाणित बिले, आणि दावे. पहिल्या थराला त्या ग्राहकाच्या पैसे देण्याच्या आजवरच्या सवयीप्रमाणे तारीख लावायची. करारातल्या तारखेला ग्राहक क्वचितच पैसे देतो. दुसरा थर उशिरा आणि कापून धरायचा. तिसऱ्याला शून्य. दावा मिळाला तर आनंदच आहे, पण त्याच्या भरवशावर पगाराची तारीख ठेवायची नाही. हा एवढा शून्य लिहायला प्रकल्प अधिकारी फार विरोध करतात, कारण त्यांच्या कामाचा नफा त्याच दाव्यात असतो. ट्रेझरीने इथे हटून बसावे. आणि दर सोमवारी मागच्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक कंत्राटवार मांडावा. तीन आठवडे सलग एकाच कंत्राटाची जमा हुकत असेल, तर त्या कामात काय चालले आहे ते ऑडिटरच्या आधी ट्रेझरीला कळते.

रोकड मोजताना आपल्या हाताला लागणारी तेवढीच मोजायची. ॲबर्डीनचे काम तीन कंपन्यांचा संयुक्त उपक्रम होते. अशा उपक्रमाच्या खात्यातली रक्कम एका भागीदाराला उचलता येत नाही. परदेशी उपकंपनीतली रोकड कर आणि परवानग्यांत अडकलेली असते. एकत्रित ताळेबंदात हे सगळे एका ओळीत येते. ट्रेझरीच्या कागदावर ‘उद्या दुपारपर्यंत मुख्य खात्यात आणता येईल’ अशीच रक्कम रोकड म्हणून लिहावी.

मग पुरवठादारांची सोय. हिशेबाच्या नियमांत तिला काहीही म्हणोत, आतल्या कागदावर ती कर्जातच धरायची. आणि एक चाचणी करायची: ही सोय उद्या बंद झाली तर? मूडीजचा ४९.८ कोटींचा आकडा घेऊ आणि ती सगळी रक्कम ४५ ते १२० दिवसांमधल्या बिलांची होती असे मानू. म्हणजे दिवसाला सुमारे ६६ लाखांची बिले या वाटेने जात होती. सोय बंद झाली आणि पुरवठादार ४५ दिवसांवर अडून बसले, तर जुनी बिले १२०व्या दिवशी बँकेला द्यायचीच आहेत आणि नवी बिले ४५व्या दिवशी आपल्याच खिशातून. दोन्ही एकाच वेळी. वरचा भार आठवड्याला सुमारे ४.६ कोटी, सलग जवळजवळ ११ आठवडे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये बँकांनी दिलेले १४ कोटी या मापाने तीन आठवड्यांचे होते. हा गुणाकार कोणालाही दहा मिनिटांत करता येतो. तो जुलैच्या आधी केला असता तर सोय हळूहळू आवरता आली असती, मुदत १२० वरून टप्प्याटप्प्याने खाली आणता आली असती, नवे भांडवल मागता आले असते. शेअर पडण्याआधी भांडवल मागणे आणि पडल्यावर मागणे यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. फोर्डने २००६ च्या अखेरीस, धंदा अजून उभा असताना, आपल्या बहुतेक मालमत्ता तारण ठेवून सुमारे २,३६० कोटी डॉलरची व्यवस्था करून ठेवली. तेव्हा ते जड वाटले होते. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, फोर्ड गेली नाही.

शेवटी संचालकांपुढे जाणारे पान. त्यावर चार गोष्टी पुरेत: आज हाताला लागणारी रोकड, पुढच्या १३ आठवड्यांतला सगळ्यांत खालचा बिंदू, तो कोणत्या तारखेला येतो, आणि त्या दिवशी किती कमिटेड लिमिट शिल्लक राहते. बँकेच्या अटींची चाचणी ३० जून आणि ३१ डिसेंबरला होत असली, तरी ती याच खालच्या तारखेला झाली असे समजून गुणोत्तर काढायचे. तिथे अट मोडत असेल, तर कंपनी बँकेच्या सोयीच्या तारखांवर जगते आहे.

इतके करून कॅरिलियन वाचली असती का? खात्रीने म्हणता येणार नाही. तोट्यातले रुग्णालय कोणत्याही अंदाजपत्रकाने नफ्यात येत नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीतली मोठी तूटही ट्रेझरीच्या हातची नव्हती. पण ट्रेझरी वेळ मिळवून देऊ शकते. जुलै ते जानेवारी हे सहा महिने फार थोडे पडले. तेच काम २०१५ किंवा २०१६ मध्ये सुरू झाले असते, तर काही कंत्राटे विकता आली असती, काही सोडता आली असती आणि ९ जूनचा लाभांश गेला नसता.

नियम कुठवर आले

हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत यानंतर बदल झाला. मे २०२३ मध्ये त्यांतल्या आयएएस ७ (रोकड प्रवाह) आणि आयएफआरएस ७ (वित्तीय साधनांची माहिती) या दोन मानकांत दुरुस्ती आली आणि १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना ती लागू झाली. आता पुरवठादार वित्तपुरवठ्याची रक्कम, ती ताळेबंदात कोणत्या ओळीत आहे, त्यातले किती पैसे पुरवठादारांना बँकेकडून आधीच मिळाले आहेत, आणि या बिलांच्या मुदती इतर बिलांपेक्षा किती लांब आहेत, हे सांगावे लागते. अमेरिकेच्या मानक मंडळाने सप्टेंबर २०२२ मध्येच साधारण असाच नियम आणला होता. कॅरिलियनच्या ऑडिटसाठी केपीएमजीला ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे २.१ कोटी पौंडांचा दंड झाला.

सरासरी किंवा कमाल कर्ज छापण्याची सक्ती मात्र या मानकांत आजही नाही. कॅरिलियनने सरासरीचा आकडा आपणहून दिला होता. अनेक कंपन्या देत नाहीत. तिथे बाहेरच्या माणसाला, म्हणजे पुरवठादाराला किंवा कर्ज देणाऱ्याला, व्याजाच्या ओळीवरून अंदाज काढता येतो. वर्षभरात भरलेले व्याज भागिले व्याजाचा साधारण दर. समजा, व्याज ३ कोटी आणि दर ५ टक्के, तर वर्षभर सरासरी ६० कोटींचे कर्ज वापरले गेले. ताळेबंदात कर्ज २२ कोटी दिसत असेल, तर मधले ३८ कोटी कोणत्या महिन्यांत लागले हे विचारायचे. पुरवठादारांच्या सोयीतले व्याज पुरवठादारच सोसतो, म्हणून ते या ओळीत सापडणार नाही. त्यासाठी धनकोंचे दिवस, म्हणजे पुरवठादारांची देणी किती दिवसांच्या खरेदीएवढी आहेत ते, काढायचे, मागच्या चार-पाच वर्षांचे शेजारी शेजारी लिहायचे आणि खरेदी तेवढीच असताना ते वाढत गेले असतील, तर पुढची उधारी देण्याआधी त्या कंपनीच्या वित्त विभागाला फोन करायचा.